पीएसआय साहेब

आमच्या गल्लीतल्या नव्या दूधवाल्यानं पहिले दोन महिने एका घरी निर्भेळ दूध घातलं. गल्लीतल्या पोरांनी त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "ते कोपऱ्यातलं रो-हाऊस पीएसआयचं आहे, सांभाळून." दूधवाला सांभाळून राहिला. त्या घरातल्या काकांचा पोलीस खात्याशी आलेला संबंध एका हेल्मेटच्या पावतीपुरता आहे, हे त्याला कळलं तेव्हा दूध पूर्ववत झालं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. काकांचा पीएसआय म्हणजे पौंड पर स्क्वेअर इंच. भेटलात की तुमची प्रकृती नंतर, आधी गाडीच्या चाकाकडे बघून, "अठ्ठावीस असेल. बत्तीस पाहिजे."

काका सातपूरच्या एका कंपनीत चौतीस वर्षं मेंटेनन्सला होते. हा नमुना नाशिकमध्ये दुर्मीळ नाही. इंदिरानगरपासून पाथर्डी फाट्यापर्यंत कुठल्याही गल्लीत खडा टाका, सातपूर नाही तर अंबडचा एखादा निवृत्त माणूस "कोण रे तो?" म्हणत पान्हा घेऊन बाहेर येईल. ओझरला मिग विमानं जोडलेले काका आता घरचा मिक्सर जोडतात. ती मंडळी त्यातल्या त्यात वरच्या जातकुळीची, ती आमच्या काकांना हात दाखवतात पण थांबत नाहीत.

मेंटेनन्सच्या माणसाचं एक विचित्र असतं. सगळं सुरळीत चालावं म्हणून त्याला पगार, आणि सगळं सुरळीत चाललं की त्याला कोणी विचारत नाही. रात्री दोनला फोन वाजावा, "साहेब, लाइन बंद पडली" असं कोणी घाबरून म्हणावं, मग आपण शांतपणे चहा मागावा, हे त्याचं खरं आयुष्य. निवृत्तीनंतर काकांच्या घरात काहीच बंद पडेना. काकू टापटिपीच्या. नळ गळत नाही, पंखा कुरकुरत नाही. सहा महिने काकांनी वाट पाहिली आणि मग जाहीर केलं, "पोर्चमध्ये कॉम्प्रेसर बसवायचा."

"कशाला?" काकूंनी विचारलं.

"हवेला."

चौतीस वर्षं ते हवेच्या आवाजात जगले होते हे काकूंना ठाऊक होतं. शॉपमध्ये भिंतीभिंतीनं लाइन फिरलेली, प्रत्येक मशीनला हवा. शिफ्ट सुटताना कपड्यांवरची धूळ एअर गननं उडवायची नाही असा फलक होता, कारण दाबाची हवा जखमेतून कातडीखाली शिरली तर जिवाशी खेळ. 4 मार्चला सेफ्टी वीक सुरू झाला की काका हे पोटतिडकीनं सांगायचे. उरलेले एक्कावन्न आठवडे शिफ्ट सुटताना ते स्वतः गननं शर्ट झटकायचे.

खरेदी अकरा महिने चालली. कंपनीच्या पद्धतीनं तीन कोटेशनं, एक तुलनात्मक तक्ता, आणि काकूंकडे मंजुरीसाठी टिपण. काका द्वारका सर्कलपासून अंबडपर्यंत प्रत्येक दुकानात जाऊन आले. दुकानदार त्यांना दुरून बघून नोकराला पुढे करायचे. मी एकदा बरोबर होतो.

"दोन एचपीला आठ सीएफएम," नोकर म्हणाला.

"हे पिस्टन डिस्प्लेसमेंट झालं. एफएडी सांग."

"काय भो?" पोरानं माझ्याकडे बघितलं.

"पिस्टन गिळतो किती ते तू सांगतोयस. टाकीत पोचते किती?" मग काकांनी त्याला समजावलं की आठ गिळली तर पाच-साडेपाच पोचते, बाकी गळती आणि उष्णता. म्हणून हत्यार घेताना ते मिनिटाला किती हवा खातं ते आधी बघायचं आणि कॉम्प्रेसर मागाहून निवडायचा. लोक उलटं करतात. इम्पॅक्ट गन खाते कमी, कारण ती पाच-दहा सेकंदच चालते. सँडर आणि ग्राइंडर मात्र सलग खातात, त्यांच्यापुढे दोन एचपीची काय कथा! पोरानं हे सगळं ऐकून घेतलं. पुढच्या वेळी गेलो तेव्हा ते दुसऱ्या दुकानात कामाला लागलं होतं.

ऑइल-फ्री मशीन काकांनी बघताक्षणी नाकारलं. दुकानदार म्हणाला, "आवाजच नाही काका, शेजारी झोपलेला उठणार नाही." तिथंच त्याचा सौदा मोडला. शेवटी कोइमतूरचं, बेल्टवालं, दोन एचपी, शंभर लिटर टाकीचं मशीन टेम्पोतून आलं. सोबत अर्ध्या इंची इम्पॅक्ट गन, ब्लो गन, स्प्रे गन, डाय ग्राइंडर, गेजवाला इन्फ्लेटर, पंधरा मीटर पाइप. काकूंनी कॉम्प्रेसरला कुंकू लावलं आणि टाकीवर नारळ ठेवला. काकांनी बटण दाबलं. घरातले दिवे मंद झाले, काकूंचा मिक्सर पंचमातून खर्जात गेला आणि एमसीबी खाली पडली. काकांच्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतर प्रथमच तेज दिसलं. मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते, हे त्यांना अर्थात माहीत होतं. तरी त्यांनी जुनीच वायर ठेवली होती, मला वाटतं मुद्दाम. पुढचे चार दिवस वायरिंग बदलण्यात मजेत गेले.

मग कामाचा प्रश्न आला. काकांकडे एक जुनी मारुती आहे, ती आठवड्यातून एकदा गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, भाजीला जाते. मी एकदा कागदावर हिशेब मांडला. एका चाकात चार पीएसआय वाढवायला दहाएक लिटर मोकळी हवा लागते, चार चाकांना चाळीस. आठ बारपर्यंत भरलेल्या शंभर लिटरच्या टाकीतून, दाब तीन बारवर येईपर्यंत, पाचशे लिटर निघते. म्हणजे टाकी एकदा भरली की गाडीला तीन महिने पुरेल. पेट्रोल पंपावर तर हवा फुकट. काकांनी कागद बघितला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "आकडे बरोबर आहेत." आणि दर रविवारी, अख्खं नाशिक मिसळ खायला बाहेर पडलेलं असताना, चारही चाकं काढून परत बसवायला लागले. काढायला गन, बसवायला टॉर्क रेंच. गननं नट आवळणाऱ्याला ते माणसात धरत नाहीत. ग्राइंडर मात्र मिनिटभर चालला की टाकी रिकामी, मग भरेपर्यंत स्टुलावर बसायचं. "अगदी कंपनीतल्यासारखंच," काकू म्हणाल्या.

गल्लीनं हळूहळू फायदा घेतला. पोरांच्या सायकली, दिवाळीत पंख्यांची पाती, गणपतीत मंडळाचे फुगे. फुग्यांच्या वेळी काकांनी रेग्युलेटर लावूनही पहिले आठ फुगे फोडले, तेव्हा निम्मं मंडळ आडवं झालं होतं. श्रावणात ते रोज टाकीखालचा कॉक उघडून वाटीभर तांबूस पाणी काढायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे. "हवेतलं पाणी आहे हे. दाबलं की हवा पाणी सोडते." समोरच्या निवृत्त शिक्षिका बाई मात्र बधल्या नाहीत. त्यांनी एक चिठ्ठी पाठवली: निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. काकांनी चिठ्ठी फाइलला लावली. ऐंशीच्या घरात जाणाऱ्या यंत्राच्या मालकाला दुसरं काय करता येतं?

मुलगा हिंजवडीला असतो. त्यानं वाढदिवसाला पॉवर बँकेएवढा चार्जिंगचा इन्फ्लेटर आणला. आकडा लावला की बत्तीसला आपोआप बंद. शिवाय बॅटरीची इम्पॅक्ट गन. ना पाइप, ना टाकी. काकांनी दोन्ही हातात घेऊन, फिरवून पाहिलं. "छान आहे," म्हणाले. तेवढंच. त्या रविवारी त्यांनी चाकं काढली नाहीत.

त्यानंतर तिसऱ्या का चौथ्या रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी पोर्चमध्ये मशीन आपोआप धडधडायला लागलं. गल्लीतली कुत्री, मागोमाग दिवे, मागोमाग बाई. कोणीतरी 112 लावला. पोलीस आले, त्यांनी विचारलं, "आवाज कुठून?" झोपेतला शेजारी म्हणाला, "पीएसआय साहेबांकडून." दोघांनी टोप्या सरळ केल्या. गेट उघडलं, तर बनियन-लुंगीतले काका हातात काकूंचा भांड्यांचा साबण फेसलेली वाटी घेऊन जोडांवर ब्रशनं फेस लावत होते. एका कपलरवर बुडबुडा धरला.

"सापडली!" काका ओरडले. "गळती. रात्रभर दाब उतरत होता, स्विच ऑटोवर, म्हणून चालू झालं. बंद करायला हवा होता, चूक माझीच." मग माझ्याकडे वळून, "टॉर्च नीट धर. आणि अहो साहेब, तुम्ही तो पान्हा द्या."

पोलिसानं पान्हा दिला. काकू आतून पाच कप चहा घेऊन आल्या, कोणी न मागता. बाईंनीही घेतला. टेफ्लॉन टेपचे सात वेढे देऊन जोड आवळला, पुन्हा फेस लावला, बुडबुडा नाही. काकांनी कपाटातून एक रजिस्टर काढलं. पहिलीच नोंद होती. ब्रेकडाऊन: 2.10. चालू: 3.05. कारण: कपलर गळती. काम केले: स्वतः. मदतनीस या रकान्यात त्यांनी माझं नाव लिहिलं, खाली पोलिसाचा बिल्ला क्रमांक विचारला, आणि तो सांगेपर्यंत पेन रोखून थांबले.