देवाची चहाला हरकत नव्हती

१८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातली बरीच प्रतिष्ठित मंडळी जमली होती. व्याख्यानाचा विषय आज फारसा कुणाला ठाऊक नाही. नंतर आलेला चहा आणि बिस्किटं मात्र महाराष्ट्राच्या इतिहासात ठाण मांडून बसली आहेत. मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. काहींनी चहा घेतला, काहींनी यजमानांचं मन मोडू नये म्हणून कप नुसता हातात धरला आणि खाली ठेवला. हा सगळा घाट घालणारे गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे यजमान. त्यांनी हजर असलेल्यांची यादी ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचं प्रकरण, उभं राहिलं. फिर्याद शंकराचार्यांपर्यंत गेली, चौकशीसाठी मंडळ नेमलं गेलं. ख्रिस्ती मिशनातला चहा पोटात गेलेला बरा की हातात राहिलेला बरा, या प्रश्नावर विद्वान डोकी खर्ची पडली. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनीही शेवटी घेतलं. या धांदलीत एक साधी गोष्ट कुणी विचारात घेतली नाही, ती म्हणजे देवाची काहीच तक्रार नव्हती. निदान त्याच्या सहीचा कागद कुणी दाखवला नाही.

इथे तारखांकडे नीट पाहावं. पाप घडलं ते चहा प्यायला त्या संध्याकाळी, पण ते बाधू लागलं यादी छापून आली तेव्हा. मधल्या काळात चहा बिनबोभाट पचलेला होता. देवाची भीती असती तर माणसं त्याच रात्री तळमळली असती, कारण देवाला बातमी कळायला ‘पुणे वैभव’ची वर्गणी भरावी लागत नाही. म्हणजे भीती होती ती वर्गणीदारांची. आपल्याकडे तेहेतीस कोटी देव आहेत म्हणतात, पण सर्वांत कडक सोवळं ज्याचं पाळलं जातं तो ‘लोक’ नावाचा देव त्या मोजणीत धरलेला नाही. त्याचं देऊळ नाही, तरी तो ओटीवर, जिन्यात, लग्नाच्या पंगतीत आणि आता सोसायटीच्या व्हॉट्‌सअॅप गटात जागृत असतो. रुखवतात किती पदार्थ मांडायचे, व्याह्यांच्या मानपानात कुणाचा सदरा राहिला, बारशाला बोलावणं कुणाला उशिरा गेलं, हे सगळे त्याचेच कुळाचार. खुद्द सत्यनारायणाच्या पूजेतही सत्यनारायणाकडे एकदा आणि दाराकडे दहादा पाहिलं जातं, कारण प्रसादाला कोण आलं नाही याची नोंद नारायण ठेवत नाही, यजमान ठेवतात.

माझं म्हणणं एवढंच आहे, की घाबरायचंच असेल तर देव अधिक सोयीचा पडतो. तो एक आहे. त्याचं मत गल्लीगणिक बदलत नाही. आपलं गुपित त्याला कळलं तरी ते तो शेजारच्या काकूंना सांगत नाही. उलट लोकांचं पाहा. ज्या पुण्यात चहा प्यायल्याबद्दल प्रायश्चित्त मागितलं गेलं, त्याच पुण्यात आज आलेल्या माणसाला चहा विचारला नाही तर तो अपराध सात गावांत गाजतो. चहाचा निषेध करणाऱ्यांचे पणतू आज अमृततुल्याच्या बाकावर बसून कटिंग मागवत असतील, आणि चहा कुणाच्या हातचा हे विचारणं त्यांच्या स्वप्नातही येत नसेल. मत बदललं, पण बदलताना नोटीस निघाली नाही आणि प्रायश्चित्ताची दक्षिणाही कुणाला परत मिळाली नाही. अशा फिरत्या हुकुमावर जगणाऱ्याला दर पिढीला नव्याने घाबरायला शिकावं लागतं.

याच्या उलट वागून दाखवणारा माणूस तीनशे वर्षं आधी पैठणला होऊन गेला होता. संतांच्या कथा लिहिणाऱ्या महिपतींनी एकनाथांच्या घरच्या श्राद्धाची कथा दिली आहे. स्वयंपाक झालेला, वास रस्त्यावर गेलेला, रस्त्यावरून जाणाऱ्या महारांच्या घरच्या भुकेल्या माणसांना तो वास आलेला. नाथांनी श्राद्धाचं अन्न त्यांना वाढलं. झालं, पैठणचे ब्रह्मवृंद जेवायला येईनात. लोकांच्या भात्यात हे एकच शस्त्र आहे, पण ते फार जुनं आणि हमखास लागणारं आहे: ते मारत नाहीत, जेवायला येत नाहीत. कथा म्हणते की मग नाथांचे पितर स्वतःच खाली उतरून पानावर बसले. पितर खरंच आले का, याबद्दल चिकित्सक वाचकाने खुशाल शंका घ्यावी. पण रुसलेले लोक जेवायला आले नाहीत, हा भाग कोणत्याही मराठी माणसाला पुराव्याशिवाय पटेल. नाथांनी केलेला हिशेब सोपा होता. श्राद्ध ज्यांच्यासाठी, त्यांना चाललं की झालं. मधल्या मंडळींची मर्जी हा वेगळा खर्च आहे आणि तो श्राद्धाच्या यादीत धरायचा नसतो.

आता कुणी म्हणेल, लोकलज्जा हीच समाजाची वेसण आहे. ती काढलीत तर जो तो मोकाट सुटेल. ‘जनाची नाही तर मनाची तरी’ असं आपली म्हणच सांगते, म्हणजे जनाची पहिली. मला हे अर्धंच मान्य आहे. जनाची लाज काम करते, पण फक्त उजेडात आणि ओळखीच्या गावात. चौकात पोलीस असला की पट्ट्यापाठी थांबणारी गाडी रात्री अकराला तोच सिग्नल सरळ तोडते, कारण त्या वेळी तिथे ‘लोक’ हजर नसतात. शिवाय ही लाज वाईट करू देत नाही तशी चांगलंही करू देत नाही. रस्त्यात पडलेल्या माणसाला उचलायला चारजण पुढे होत नाहीत, ते तो दारू प्यायलेला असेल आणि आपल्याला त्याच्यासोबत कुणी पाहील या धास्तीने. उचलल्यावर आपलं नाव कुठे लागणार नाही, हीही अडचण असतेच. देवळांतले पंखे आठवा. देणगीदाराचं नाव पात्यावर रंगवलेलं असतं, आणि पंखा लावला की ते वाचता येत नाही. भक्ताला वारा मिळतो तेव्हा दात्याला प्रसिद्धी मिळत नाही. देवाने या दोघांचा असा काही मेळ घातला आहे की त्याच्या विनोदबुद्धीबद्दल शंका उरत नाही.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. देवाचं नाव घेऊनच तर लोकांनी सर्वांत जास्त छळ केला आहे. पैठणचे ब्रह्मवृंद काय नास्तिक होते? अगदी बरोबर. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी उपोषणाला बसले, तेव्हा विरोध करणाऱ्यांच्या तोंडीही पांडुरंगच होता. मग खरा कोणता ओळखायचा? मला एक ढोबळ खूण सापडते. देवाच्या नावाने निघालेल्या हुकमामुळे जर हुकूम सांगणाऱ्याचंच पान, मान आणि दक्षिणा सांभाळली जात असेल, तर तो हुकूम लोकांचा आहे, वर फक्त देवाचा शिक्का आहे. आणि हुकमाने सांगणाऱ्याचंच नुकसान होत असेल, उपास घडत असेल, पंगत उठून जात असेल, तर त्यात देवाचा काही अंश असण्याचा संभव आहे. खूण अचूक नाही. पण रोजच्या वापराला पुरते.

आणि देवच नसेल तर? हा प्रश्न पुण्याच्याच आगरकरांनी जगून दाखवला. देवाबद्दल त्यांना खात्री नव्हती, पण लोकांना ते घाबरले नाहीत, इतके की विरोधकांनी ते जिवंत असतानाच त्यांची प्रेतयात्रा काढली. आपली प्रेतयात्रा आपणच पाहणं हे भाग्य फार थोड्यांना लाभतं. यावरून देवाशिवायही काम भागतं असं म्हणता येईल, आणि मी त्यावर हटून बसणार नाही. फक्त आगरकरांच्या घरात देवाच्या कोनाड्यात सत्य बसवलेलं होतं, कोनाडा रिकामा नव्हता, आणि त्याची पूजा कोणत्याही सोवळ्यापेक्षा कडक होती. ज्यांचा कोनाडा खरोखर रिकामा असतो त्यांच्याकडे लोक तिथे आपसूक राहायला येतात, भाडंही देत नाहीत.

राहिले रानडे. त्यांच्या प्रायश्चित्ताने माझ्या साऱ्या युक्तिवादाला खीळ बसते, असं वाटेल. प्रार्थना समाजातला हा इतका सश्रद्ध माणूस अखेर लोकांपुढे वाकलाच की! पण त्यांच्या पत्नी रमाबाईंच्या आठवणी वाचल्या की दिसतं, रानड्यांनी ते स्वतःसाठी केलं नव्हतं. बहिष्काराने अडचणीत आलेल्या स्नेह्यांसाठी केलं होतं. आणि त्याची किंमत काय, तर आता सुधारकांचे बोल. लोक काही फक्त सनातन्यांच्याच आळीत राहत नाहीत; पुरोगाम्यांचंही आपलं ग्रामण्य असतं, आणि आपल्याला कुणी मागासलेला म्हणेल या भीतीने ताठ उभे राहणारे आजही पुष्कळ आहेत. रानड्यांनी सनातन्यांची बोलणी चहापायी खाल्ली आणि सुधारकांची प्रायश्चित्तापायी. असा माणूस भित्रा की निर्भय, याचा निकाल शंकराचार्यांच्या मंडळालाही लावता आला नसता. त्यांच्यापुढे प्रश्न होता तो फक्त बिस्किटांचा.