समुद्र दिसतो, त्याचे वेगळे

मुंबईत घर घ्यायला निघालेल्या माणसाने आधी समुद्राच्या प्रती समजून घ्याव्यात. ‘सी फेसिंग’ म्हणजे समोर समुद्रच. ‘सी व्ह्यू’ म्हणजे दोन टॉवरांच्या फटीतून समुद्र. ‘पार्शल सी व्ह्यू’ म्हणजे बाथरूमच्या खिडकीतून, तोही घरातल्या उंच माणसाला. आणि ‘सी ब्रीझ’ म्हणजे समुद्र दिसत नाही, पण तो आहे यावर एजंटची श्रद्धा आहे. प्रत्येक प्रतीचा चौरस फुटाचा भाव निराळा, शिवाय वर चढाल तसा ‘फ्लोअर राइज’. भूगोलही नव्याने शिकावा लागतो. वडाळ्याच्या बाजूला ‘न्यू कफ परेड’ आहे, आणि लोअर परळला ‘लोअर’ म्हणवून घ्यायची लाज वाटली म्हणून तिथे ‘अपर वरळी’ आहे.

समोरच्या मोकळ्या प्लॉटचं काय, असं विचारलंत की एजंट हमखास सांगतो, “तिथं काही उभं राहत नाही साहेब, सीआरझेड आहे.” आहे खरा. किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे हे निर्बंध १९९१ साली आले, २०११ साली बदलले आणि २०१९ साली पुन्हा बदलले. त्या शेवटच्या खेपेला मुंबईसारख्या शहरांत किनाऱ्याजवळचा जो एफएसआय, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल त्याचं माप, १९९१च्या नियमांवर गोठवून ठेवला होता, तो वितळला. म्हणजे तुम्ही विकत घेतलेला देखावा फार तर पुढच्या अधिसूचनेपर्यंत तुमचा. त्यानंतर त्याच प्लॉटवरचा ‘अनइंटरप्टेड सी व्ह्यू’ तोच एजंट दुसऱ्याला दाखवत असेल, आणि त्या चित्रात तुमची बिल्डिंग मागे, धूसर.

फुकटातला समुद्रही मिळतो, पण तो तळमजल्याला. घर दाखवायला जानेवारीत नेतात ते काही थंडीसाठी नव्हे. महापालिका दर पावसाळ्याआधी मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी काढते, साडेचार मीटरच्या वरच्या भरतीची. ती यादी घ्या, त्यातला एक दिवस आणि मुसळधार पाऊस जुळून आला की त्याच वेळी घर बघायला जा. (एजंट त्या दिवशी गावी गेलेला असतो.) शहराची जुनी पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी, आणि तीही ओहोटी असेल तर, अशा हिशेबाने बांधलेली. भरती असली की पाण्याला समुद्रात जायला वाट नसते. गेट लावून पंपांनी उपसायचं, एवढंच हातात राहतं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला. त्या दिवशी ज्यांच्या बैठकीच्या खोलीत समुद्र आला, त्यांच्याकडून कोणी फ्लोअर राइज घेतला नव्हता, एवढं मात्र मान्य करायला हवं.

खाऱ्या हवेबद्दल ब्रोशर गप्प असतं. ती फुप्फुसांना काय करते ते डॉक्टर जाणोत. एसीच्या बाहेरच्या डब्याला आणि स्लॅबमधल्या सळ्यांना काय करते ते प्लंबरपासून वॉचमनपर्यंत सगळे जाणतात. सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर डोकावते. समुद्र बघायला तीच पहिली पोचते.

आता कागद. घर बघायला मामा येतात, मेहुणा येतो, वास्तुवाले येतात. ईशान्येला संडास निघाला तर व्यवहार मोडतो. ओसी, म्हणजे राहायला जाण्याचा दाखला, आहे का, हे मात्र कोणी विचारत नाही, कारण ते विचारायला वकील लागतो, आणि दोन कोटींच्या घरापायी वकिलाला पैसे देणं आपल्या रक्तात नाही. वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडमधल्या पाचव्या मजल्याच्या वरच्या घरांचा निकाल २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात लागला: बेकायदा. तोवर तिथे संसार होऊन गेले होते. कोचीजवळ मरडूला तर जानेवारी २०२०मध्ये पाण्याकाठची चार गृहसंकुलं सीआरझेड मोडल्याबद्दल सुरुंगाने पाडली. टीव्हीवर थेट प्रक्षेपण होतं. उत्तम व्ह्यू होता म्हणतात.

रेरा कायदा आल्यापासून ‘सुपर बिल्ट-अप’चं थोतांड संपलं, कार्पेटवर विकतात. त्या कार्पेटमध्ये घरातल्या आतल्या भिंतींची जाडीही धरलेली असते, त्यामुळे गालिचा अंथरताना भिंती जरा उचलून घ्याव्या लागतील. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, असं कायदा सांगतो. “टोकन टाका, बाकी बोलू” असं ऑफिस सांगतं. स्टॅम्प ड्युटी मुंबईत ६ टक्के, केवळ बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का सूट. एवढ्या एका टक्क्यासाठी घरोघरच्या पुरुषांना स्त्री-पुरुष समानता पटलेली मी पाहिली आहे.

आणि हे सगळं जमलं, कर्ज मंजूर झालं, की शेवटची परीक्षा. ती कुठल्याही करारात लिहिलेली नसते. एजंट इकडेतिकडे बघतो आणि हळूच विचारतो, “फॅमिली व्हेज ना?” ज्या शहराचा पहिला रहिवासी कोळी, ज्याच्या दारातून समुद्र कुठल्याही प्रतीविना दिसत आला, त्या शहरात समुद्र बघायचे पैसे घेतात आणि त्यातला बांगडा घरात आणायला बंदी करतात. नियम म्हणून नाही हो, सोसायटीतली ‘फीलिंग’ म्हणून. आडनावावरूनच उत्तर कळलेलं असतं, तरी तुम्ही चाचरत म्हणता, “तसं… सोमवार-गुरुवार पाळतो.” मग एजंटलाही दया येते. तो आवाज आणखी खाली आणतो.

“अंडं चालेल. पण टरफलं ऑफिसला घेऊन जायची.”