अर्जदार

कोणत्याही वसतिगृहाच्या ओसरीवर किंवा अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानापुढे ज्याने घटकाभर काढली आहे, त्याला आमच्या अर्जदाराची ओळख करून देण्याचे प्रयोजन नाही. सकाळच्या तासिका बुडणार नाहीत, संध्याकाळचे वाचनालय चुकणार नाही आणि महिनाअखेर खाणावळवाल्याला तोंड दाखविता येईल, अशी अर्धवेळ नोकरी हे त्याचे एकमेव ईप्सित. आणि तिच्या प्राप्तीचे साधन म्हणजे कोटाच्या आतल्या खिशात अहोरात्र वास करणारा, ‘मेहेरबान’ या शब्दापुढे जागा कोरी सोडलेला विनंतीअर्ज.

समोर बरे कपडे केलेला गृहस्थ दिसला, की कोरी जागा भरलीच! दंतवैद्याकडे दाढ उपटून घेताना तोंडी विनंती अशक्य झाली, म्हणून त्याने ती लेखी सादर केली. माझ्या पुतणीच्या लग्नात वरपक्षाकडील एका मामलेदारांच्या हाती त्याने अक्षता आणि अर्ज एकदमच ठेवले. शेजारचे वृद्ध शिरस्तेदार निवर्तले तेव्हा तिरडीला खांदा देता देता, पेढीवर खजिनदार असलेल्या त्यांच्या थोरल्या चिरंजिवांकडे त्याने तो सरकविला. मात्र ‘सुतक फिटल्यावर सवडीने पाहावे’ एवढी समंजस पुस्ती जोडून.

नोकऱ्या मिळाल्याच नाहीत असे नव्हे. एका व्यापाऱ्याने मुलाच्या शिकवणीसाठी ठेवले, पण त्या कलमात दळण आणण्याचे पोटकलम लवकरच समाविष्ट झाले. एका कचेरीत टंकलेखनाचा, मिनिटाला चाळीस शब्दांचा, सरकारी दाखला मागितला. तो उजेडात धरून बारकाईने तपासला. आणि मग कपबश्या विसळायला दिल्या.

कपबश्यांचे त्याला वावडे नव्हते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली स्थापिलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात तो वाढला होता. मुलाने अंगमेहनत करावी, कमवावे आणि त्यावर शिकावे, हा तेथला शिरस्ता, आणि खुरपे हाती घेण्यास तेथे कुणाची शिफारस लागत नसे. या शहरात कपबशी विसळण्यासही दोन प्रतिष्ठितांचे दाखले लागतात, हे त्याला अद्याप उमगलेले नाही. आणि खोटे कशाला बोलू, एरवी त्याला दुरून पाहताच गल्ली बदलणाऱ्या माझा त्याच्या या न उमगण्यावर थोडा जीव जडला आहे.

अखेर एका छापखान्यात रात्रपाळीचा मुद्रितशोधक म्हणून तो रुजू झाला. परवा त्याच्याच महाविद्यालयाचे माहितीपत्रक तेथे छपाईस आले. वाढीव शुल्काच्या परिच्छेदातील ऱ्हस्वदीर्घाच्या चुका त्याने इमानेइतबारे दुरुस्त केल्या, जुळाऱ्याच्या हातून सत्राच्या रकमेतले गळालेले एक शून्य मूळ प्रतीशी ताडून जागेवर बसविले, आणि खाली सही करून फर्मा छपाईस मंजूर केला.