हातचे तीन

महिन्याचं वाणसामान घरात आलं की मी चष्मा लावून वाण्याच्या चिठ्ठीची बेरीज पुन्हा करतो. ही खोड वडिलांची. ते शाळामास्तर. वरून खाली केलेली बेरीज खालून वर केल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे. या तपासणीतून इतक्या वर्षांत मला फार तर पाच-दहा रुपये सापडले असतील, पण खोड ती खोड.

परवाच्या चिठ्ठीत पाच लिटर तेलाचा डबा ७४०, दोन किलो तूरडाळ ३२०, तीन किलो साखर १३५, अर्धा किलो चहा २८०, शेंगदाणे १५०, पोहे ६५, गूळ ७०. खाली शेठच्या ठसठशीत अक्षरात बेरीज, १४६०. माझी आली १७६०. खालून वर केली, तरी १७६०.

मग चूक कुठे झाली तेही आठवलं. शेठ अजून कॅल्क्युलेटरला हात लावत नाहीत. पेनाचं टोक आकड्यांवरून घसरवत ते पुटपुटतात. दहंच्या घरात ‘छत्तीस, सहा लिहिले, हातचे तीन’ इथवर आले आणि फोन वाजला. गुळाच्या ढेपा कुठे तरी अडकल्या होत्या. त्या सुटेपर्यंत हातचे तीन हातातून सुटले. शतंच्या घरात नुसते चौदा उतरले. मी मोबाइल काढून क्यूआर कोड टिपला आणि गल्ल्यावरच्या डबीने खणखणीत आवाजात जाहीर केलं, ‘एक हजार चारशे साठ रुपये प्राप्त झाले.’ चूक अशी दवंडी पिटून झाली आणि दुकानातल्या एकाही माणसाने मान वर केली नाही.

खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा बरंच वाटलं. तीनशे रुपये जास्त लागले असते तर मी पुढ्यातला चहा तसाच ठेवून, घरातल्याच सपाता पायात घालून दुकान गाठलं असतं. आता मात्र संध्याकाळ झाली होती, मग पाऊस होता, मग दुसऱ्या दिवशी रविवार. सोमवारी गुडघा. जास्त लागले असते तर हाच गुडघा जिना धावत उतरला असता.

आणि मधल्या काळात मन नुसतं बसून राहत नाही, फिर्याद तयार करतं. याच शेठने एका गणपतीत खवट खोबरं दिलं होतं. एकदा रव्यात पोरकिडे निघाले होते. सुट्टे नाहीत म्हणून आजवर किती चॉकलेटं माझ्या हातावर ठेवली? त्या सगळ्यांची किंमत काढली तर... तीनशे रुपयांसाठी माणूस किती जुनी दप्तरं उघडतो!

सोमवारी रात्री चिठ्ठी पुन्हा हातात घेतली. कोपऱ्यात, दुकानाच्या छापील नावापेक्षाही बारीक अक्षरात, ‘चू. भू. द्या. घ्या.’ ही अक्षरं लहानपणापासून पाहतोय, वाचली त्या रात्री. इंग्रजी बिलावर तिथे ‘ई. अँड ओ. ई.’ असतं, म्हणजे चुकलंमाकलं किंवा सुटलं असेल तर ते यात धरू नये. व्यापारी आपल्यापुरती छत्री उघडून मोकळा. आपल्या वाण्याने मात्र छत्री दोघांच्या डोक्यावर धरलीय. चूक द्यावी, चूक घ्यावी. त्यातही ‘द्यावी’ आधी आलंय, हे मला त्या रात्री जरा बोचलं.

सकाळी टेकडीवर फिरताना आमच्या वकील मित्रापुढे विषय काढला. अर्थात ‘एकाचं असं झालं’ म्हणून. वकिलांना हा ‘एक’ कोण असतो ते लगेच कळतं. ते म्हणाले, चुकून पैसे किंवा वस्तू दिली गेली तर घेणाऱ्याने परत करावी, असं १८७२ च्या करार कायद्याचं ७२ वं कलम सांगतं. पण तुमच्या त्या एकाला तिथवर जायलाही नको. डाळीचा भाव ठरलेला, तेलाचा ठरलेला. चुकली ती नुसती बेरीज. म्हणजे ती सरळ उधारीच. मग पुढे, उगाचच, त्यांनी सांगितलं की अशा उधारीचा दावा माल दिल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो. माझा चेहरा किंचित उजळला असावा, कारण ते लगेच म्हणाले, ‘दावा बुडतो, देणं बुडत नाही.’

टेकडी उतरताना वडिलांची एक आठवण वर आली. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. रुपयाचे चौसष्ट होते ते शंभर झाले. आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत, पण पाव पैसा कुणाच्या टाकसाळीत? म्हणून कोष्टकात एका आण्याचे सहा आणि तीन आण्यांचे एकोणीस धरले. म्हणजे एका आण्याची वस्तू घेतली की पाव पैसा दुकानदाराचा जायचा आणि तीन आण्यांची घेतली की पाव पैसा गिऱ्हाइकाचा. वडील हे सांगताना खूश व्हायचे. सरकारनेच चूकभूल द्यायला-घ्यायला लावलेली, आणि तीही कोष्टक छापून!

मी अगदीच बेइमान आहे असं समजू नका. गेल्या वर्षी उपनगरातल्या एका मोठ्या मॉलमधून घरी आलो, तर लोणच्याच्या दोन बरण्या आणि बिलात एक. त्या वेळी मी तडक परत गेलो होतो. छाती जरा पुढे काढूनच. काउंटरवरच्या मुलीला सांगितलं, तर तिचा चेहरा पडला. बिल बंद झालं होतं. सुपरवायझर आला. बरणीवरची काळी पट्टी मशीनला दाखवल्याशिवाय पैसे घेता येत नव्हते आणि माझी बरणी घरी, फोडलेली. शेवटी मीच आत जाऊन फळीवरून तशीच दुसरी बरणी आणली, ती ‘टीं’ वाजली, मी पैसे भरले आणि न घेता ती फळीवर नेऊन ठेवली. दारावरचा वॉचमन संशयाने बघत होता. सुपरवायझर वहीत त्या मुलीचं नाव लिहीत होता. मी निघालो तशी ती हळूच म्हणाली, ‘काका, पुढच्या वेळी आधी मला एकटीला सांगाल का?’ छाती पार्किंगपर्यंत पूर्ववत झाली होती.

भाजीवालीकडे वेगळंच. मेथीची जुडी वीसची, तिने पंधरा घेतले. घरी येऊन लक्षात आलं, दुसऱ्या दिवशी मोठ्या मानभावीपणाने पाचाचं नाणं पुढे केलं. ती भडकलीच. ‘चुकले न्हाई मी. जुडी बारकी हुती म्हून कमी घेतले. मला काय मोजता येत न्हाई?’ तेव्हापासून तिच्याकडे काही कमी लागलं तर मी आधी जुडीकडे बघतो, मग तिच्याकडे, आणि गप्प बसतो.

मंगळवारी संध्याकाळी शेठकडे गेलो. दुकानात कोणी नसेल अशी वेळ मुद्दाम साधली होती. उशिराचं कारणही तयार होतं. चिठ्ठी पुढे ठेवली. ‘शेठ, हातचे तीन राहिले.’ त्यांनी पेन उचललं, एकं, दहं, ओठ हलले, छत्तीसपाशी थांबले आणि स्वतःच्या कपाळावर हात मारला. ‘गुळाच्या ढेपा!’

मी क्यूआर टिपला. डबी ओरडली, ‘तीनशे रुपये प्राप्त झाले.’ आता मात्र नुकत्याच आलेल्या दोन बायकांनी वळून पाहिलं. मी जरा मोकळा उभा राहिलो. शेठ खाली वाकले ते बराच वेळ वर येईनात. आले तेव्हा हातात एक किलोची साखरेची पुडी होती. कागदावर पेनाने आमच्या सोसायटीचं नाव.

‘तीन किलो लिहिली, पिशवीत दोनच गेली. ही तेव्हापासून इथंच आहे,’ ते म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पुडीला एक जास्तीचा सुतळीचा वेढा देत राहिले. ‘फोन करणार होतो साहेब. रोज म्हणत होतो, करू. राहूनच गेलं.’

मी घरून पाठ करून आणलेलं वाक्य नेमकं तेवढंच होतं.