मिलिसेकंदराव

इंदूरला विजयनगरपासून सुपर कॉरिडॉरपर्यंत सॉफ्टवेअरची जेवढी म्हणून ऑफिसं आहेत, त्यांत प्रत्येकी एक तरी मिलिसेकंदराव असतातच. घर राजेंद्रनगरात, मराठीला हिंदीची फोडणी आणि पोह्यांवर शेव. पोहे-जिलबीवर तासभर गप्पा झाल्या तरी त्यांना उशीर झाल्यासारखं वाटत नाही. पण एखादं लूप गरजेपेक्षा एकदा जास्त फिरलं की दिवसभर अन्न गोड लागत नाही.

टीममधली नवी मुलगी साधा, वाचता येईल असा कोड आणून दाखवते. तिने दोनने भागलं असेल, तिथे राव बिट सरकवतात. हे तर कंपायलर न सांगताच करतो, असं कुणी सुचवलं तर म्हणतात, "भिया, कंपायलरच्या भरवशावर संसार होत नसतो!" पंधरा दिवसांनी त्या ओळींचा अर्थ त्यांना स्वतःलाही लागत नाही. आणि एवढा वेग कशासाठी, तर महिन्यातून एकदा रात्री दोन वाजता निघणाऱ्या रिपोर्टसाठी!

संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांचा १९७४चा लेख रावांना तोंडपाठ आहे. बारीकसारीक वेगाची चिंता ९७ टक्के वेळा सोडून द्या, उरलेल्या ३ टक्क्यांत मात्र हयगय नको. पण ते ३ टक्के कुठले, हे आधी शोधा, असं कनूथ सांगतात. रावांना शोधावं लागत नाही. त्यांनी आजवर लिहिलेली प्रत्येक ओळ त्या ३ टक्क्यांतलीच आहे.

सराफ्याच्या खाऊगल्लीत जोशींकडे दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून झेलतात. ते पाहून राव म्हणाले, "ही उडी काढून टाकली तर वड्यामागे दोन सेकंद वाचतील."

वहिनी म्हणाल्या, "हो, आणि गर्दीचाही त्रास राहणार नाही."

परवा एका ग्राहकाची तक्रार आली : लॉगिननंतरचं पान उघडायला नऊ सेकंद लागतात. रावांनी तीन दिवस सॉर्टिंग घासूनपुसून लख्ख केलं. पान नऊ सेकंदांवरच. मग त्या मुलीने कुठे किती वेळ जातो ते मोजणारा प्रोफाइलर लावला. साडेआठ सेकंद डेटाबेस खात होता. इंडेक्सच नव्हता, म्हणून एका नावासाठी अख्खं टेबल पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलं जात होतं. तिने एका ओळीत इंडेक्स घातला. पान अर्ध्या सेकंदात उघडलं.

राव बराच वेळ स्क्रीनकडे पाहत राहिले. मग चष्मा पुसत म्हणाले, "छान! पण हा प्रोफाइलर स्वतः किती मिलिसेकंद खातो, ते पाहिलंस का?"