मंद आचेचा महिमा

मराठवाड्यातल्या घरोघरी स्लो कुकर असावा, असं आमचं ठाम मत आहे. कृती सोपी. मटणाच्या अख्ख्या रानेला येसर, लसूण, भाजलेलं खोबरं चोपडायचं, बटण ‘लो’वर ठेवायचं आणि आठ तास झाकण उघडायचं नाही. डोकावलं की वाफ गेली आणि शिजायचा वेळ वाढला. पाणी जवळपास लागतच नाही. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलेल्या लातूरला आणखी काय हवं? आज्या हेच चुलीच्या वैलावर करत. पण वैलाला ना वॉरंटी, ना वीजबिल. मागासच म्हणायची ती पद्धत.

सलग आठ तास वीज कुठली, असं काही कुजकट लोक विचारतील. अहो, भारनियमनामुळेच तर ‘स्लो’ खऱ्या अर्थानं स्लो होतं.

या भांड्याचं पेटंट अमेरिकेत आयर्विंग नॅक्सन यांना १९४० साली मिळालं. मंत्रालयाला त्यांची रॉयल्टी भरावी लागत नाही, हे राज्याचं नशीब. २००९ साली नांदेडला विभागीय आयुक्तालय करायचं ठरलं, लातूरनं वरून सढळ हातानं तिखट घातलं आणि झाकण बसलं. तेव्हापासून जो तो येतो, झाकण उचलून वास घेतो, ‘झालंच आहे’ म्हणतो आणि मुंबईला जातो. हाड काही सुटत नाही. दोन्ही जिल्ह्यांतले पाहुणे पाटावर बसलेलेच आहेत. येत्या निवडणुकीत वरून कोथिंबीर भुरभुरणार आहेत म्हणे.