चटई क्षेत्र : सहा इंच

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीचा कट्टा साडेसात इंच खोल आहे. हे मी अंदाजाने सांगत नाही. आरेखक म्हणून 32 वर्षं दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढले, त्यामुळे निवृत्तीनंतरही शर्टाच्या खिशात सहा इंची पट्टी असते. लोक देवळात गेले की हात जोडतात. मी आधी गाभाऱ्याच्या दाराची रुंदी डोळ्यांनी मोजतो, मग हात जोडतो.

तर या साडेसात इंचांवर लेकीने आईच्या वाढदिवसाला दिलेली आफ्रिकन व्हायलेट येऊन बसली. गुलाबी, भरगच्च पाकळ्यांची, कडेला झालर. फुलं बघून आम्ही दोघंही खूश. पण वर्षभरात तिची मखमली पानं चांगली बारा इंच पसरली. म्हणजे साडेचार इंच बांधकाम कट्ट्याबाहेर, थेट गॅसच्या शेगडीवर. सरळसरळ अतिक्रमण! एकदा दूध उतरवताना हिच्या बांगडीत एक पान अडकलं, पान तुटलं आणि दूधही सांडलं.

“अहो, या कट्ट्यावर एकतर हे झाड राहील, नाहीतर दूध तुम्ही तापवाल.”

दुसऱ्या कुणी झाड बाहेरच्या खोलीत नेलं असतं. पण डोंबिवलीतल्या आमच्या घराचं एकूण चटई क्षेत्र 380 चौरस फूट. त्यात बाहेरची खोली म्हणजे दारातून आत आलेल्या माणसाने कुठे बसायचं हे आधी ठरवूनच आत यायचं, अशी. शिवाय झाड हलवणं हा हमालाचा उपाय झाला. मी आरेखकाचा उपाय काढला. फूल हेच ठेवायचं, झाड लहान करायचं. नवं वाणच काढायचं.

वाचायला लागलो तर कळलं की आपल्यासारखी माणसं जगात आहेत. अमेरिकेत 1946 पासून या झाडाची एक सोसायटी आहे. आमच्या सोसायटीसारखी पार्किंगवरून भांडणारी नव्हे, पण नियमांना पक्की. सहा इंचांपर्यंत पसरतं ते मिनिएचर, सहा ते आठ इंच सेमीमिनिएचर, त्यापुढे स्टँडर्ड. आणि प्रदर्शनात मिनिएचर म्हणून मांडलेलं झाड सहा इंचांच्या बाहेर गेलं तर सरळ बाद. दंड भरून नियमित करून घ्यायची सोय नाही! हे वाचून माझा ऊर भरून आला. उभ्या नोकरीत बाल्कनी आत घेतलेली पाहून गप्प बसलेला माणूस मी.

बाकी या झाडाची कागदपत्रं पहिल्यापासून घोळाची. नाव व्हायलेट, पण व्हायलेटच्या कुळाशी काडीचा संबंध नाही. आफ्रिकन हे मात्र खरं. आज ज्याला टांझानिया म्हणतात तिथल्या उसांबारा डोंगरात, सावलीतल्या शेवाळलेल्या कातळांवर हे मूळचं राहणारं. 1892 मध्ये तिथल्या जर्मन अंमलातले जिल्हाधिकारी वॉल्टर फॉन सेंट पॉल यांना ते दिसलं. त्यांनी ते वडिलांकडे जर्मनीला पाठवलं, वडिलांनी हॅनोव्हरच्या राजबागेचे प्रमुख हर्मान वेंडलँड यांच्याकडे, आणि वेंडलँडनी 1893 मध्ये बापलेकांच्या नावावरून ‘सेंटपॉलिया’ असं बारसं केलं. एवढा चोख दस्तऐवज. पण 2015 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी ही सगळी वसाहत ‘स्ट्रेप्टोकार्पस’ नावाच्या शेजारच्या प्रजातीत विलीन करून टाकली. 122 वर्षांनी सातबाऱ्यावरून सेंट पॉलांचं नाव कमी झालं. बापलेकांपैकी हरकत घ्यायला कुणी उरलं नव्हतं, फेरफार मंजूर.

मला यात एकच गोष्ट मोलाची वाटली. जे झाड मुळात कातळाच्या भेगेत संसार थाटतं, त्याला साडेसात इंचांचा कट्टा जाच वाटायचं कारण नाही.

बाप म्हणून घरची गुलाबी ठरली. आई म्हणून एक मिनिएचर मागवली, साधी जांभळी, कुरिअरने. खोक्यात सात थर वर्तमानपत्र आणि मधोमध पुरणपोळीवर ठेवायच्या तुपाच्या वाटीएवढं झाड. मला वाटलं नमुना पाठवला असेल.

आता प्रत्यक्ष काम. व्हायलेटच्या फुलाच्या मध्यावर दोन पिवळ्या पिशव्या असतात, दोन्ही मिळून भिजवलेल्या मुगाच्या डाळीएवढ्याही नाहीत. परागकण आत कोंडलेले. वारा आला, माशी बसली, तरी हे आपले बंद. पिशवी कापावी लागते. इथे माझी उमेदवारी कामाला आली. पूर्वी ट्रेसिंग पेपरवर शाईची रेघ चुकली की ती दाढीच्या ब्लेडने खरवडून काढायची असे, कागद फाटू न देता. त्याच ब्लेडने मी पिशवी उभी चिरली, आतली पिवळी पूड डाव्या अंगठ्याच्या नखावर घेतली आणि श्वास रोखून आईच्या फुलाकडे वळलो. तेवढ्यात हिने फोडणीत मिरची टाकली.

ती शिंक आमच्या खाली राहणाऱ्यांनीही ऐकली. पराग कुठे गेले ते देवाला ठाऊक.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला, घरात फोडणीची शक्यता नसताना, मी ते काम उरकलं. आईच्या फुलातल्या पिशव्या आधी कापून टाकल्या, म्हणजे घरातल्या घरात भानगड नको. मग मधल्या देठाच्या चिकट टोकाला नख हळूच टेकवलं. चार-पाच दिवसांत फूल गळलं. पंधरवड्यात देठाच्या बुडाशी ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ धरली. बोंड!

बोंड पिकायला पाच महिने लागले. रोज सकाळी पट्टी लावून बघायचो. ही म्हणाली, “माझ्या वेळेला इतकं बघितलं नव्हतंत.” त्यात पाणी कोमट लागायचं, कारण गार पाणी पानावर पडलं तर डाग पडतात. मी भांडं गॅसवर ठेवलं की ही नुसती बघायची. बारा वर्षं ती नळाच्या पाण्याने आंघोळ करत होती, गिझर बिघडला तेव्हापासून. शेवटी मी गिझर दुरुस्त करून घेतला. संकरातून झालेला हा पहिला फायदा.

एप्रिलमध्ये बोंड सुकून तपकिरी झालं. फोडलं तर आत बी म्हणजे अक्षरशः तपकीर. शेकड्यांनी असतील, पण मोजायला गेलो असतो तर श्वासाने उडाली असती. ओल्या कोकोपीटवर नुसती भुरभुरायची, वर माती घालायची नाही, उजेड लागतो. खजुराचा पारदर्शक डबा, वर ट्यूबलाइट, आणि पेरणीच्या दिवशी घरातले सगळे पंखे बंद. एप्रिलमध्ये. डोंबिवलीत. एका रोपवाटिकेच्या व्हायलेटच्या बिया 1984 ते 1990 अशी जवळपास सहा वर्षं उपग्रहात पृथ्वीभोवती फिरून आल्या आणि तरी रुजल्या, हे मी हिला त्या दुपारी सांगितलं. ती पदराने वारा घेत म्हणाली, “तिथे हवा नसते. इथे आहे, तुम्ही येऊ देत नाही आहात.”

अठराव्या दिवशी हिरवी धूळ दिसली. जूनपर्यंत त्या धुळीची रोपं झाली. मी 61 निवडून दह्याच्या कपांत लावली, बुडातून हिच्या ॲक्रेलिक लोकरीच्या वाती सोडून, म्हणजे पाणी खालून आपोआप चढतं. एकसष्ट कप फ्रिजवर, टीव्हीवर, शिलाई मशिनवर, देव्हाऱ्याच्या दोन्ही अंगांना. लहान झाड काढण्याच्या नादात 380 चौरस फुटांतले निदान चाळीस गेले. आलेल्या पाहुण्याला हातात कप दिला की तो आधी आत डोकावून बघायचा.

खरा संकरकार इथे निर्दय होतो. 1920च्या दशकाच्या शेवटी लॉस एंजेलिसच्या एका रोपवाटिकेने युरोपातून बी आणून सुमारे हजार रोपं केली आणि त्यातली फक्त दहा ठेवली. आज जगभरच्या खिडक्यांत बसलेल्या हजारो वाणांची वंशावळ बहुतेक त्या दहांपर्यंत जाते. नऊशे नव्वद रोपांचं काय केलं असेल या विचाराने मला रात्री झोप लागेना. आमच्या घरात श्रीखंडाचा रिकामा डबासुद्धा कुणी टाकलेला नाही.

पण जानेवारीत फुलं यायला लागली तशी निवड आपोआप व्हायला लागली. एकूण एक फुलं जांभळी. गुलाबी एक नाही. व्हायलेटमध्ये निळा रंग गुलाबीवर वरचढ. आई अस्सल जांभळी असेल तर पहिल्या पिढीत गुलाबी दबून राहतो. नातवंडांत कदाचित वर येईल. हे पुस्तकात अगदी ठळक होतं, मी ते पान नंतर वाचलं. आणि आकार? दहा इंच, अकरा इंच, साडेआठ. 44 नंबर चौदा इंचांवर गेला, बापालाही लाजवील असा. प्रत्येक पिल्लाला बापाचीच उंची हवी होती. ती झाडं मी सोसायटीत वाटली. दोन महिन्यांनी जिन्यात लोक माझ्याकडे बघून दार लोटून घ्यायला लागले.

एकच निघालं. 17 नंबर. पूर्ण वाढ, पंधरा फुलं, आणि व्यास साडेपाच इंच. पट्टी चारही दिशांनी लावली. फूल साधं जांभळं, एकेरी पाकळ्यांचं, नर्सरीच्या दारात कोपऱ्यात ठेवतात तसलं. झालर नाही, गुलाबी नाही. पण बसकी, गोल, एकावर एक बेतशीर बसलेली पानं, मंजूर नकाशाबाहेर एक रेघ नाही. असा प्लॅन माझ्या टेबलावर कधी आला नव्हता.

मी नावाचा विचार करायला लागलो. रशिया-युक्रेनकडे संकरकार वाणाच्या नावाआधी स्वतःची आद्याक्षरं लावतात. मी माझी लावून पाहिली, तर ते रक्तदाबाच्या गोळीसारखं वाटलं. मग ‘वामन’ सुचलं, पण त्याने तीन पावलांत सगळं व्यापलं होतं, अपशकुन नको. शिवाय नोंदणीची अट अशी की पानापासून केलेल्या रोपांच्या तीन पिढ्या हुबेहूब निघायला हव्यात. पान तोडून लावलं की बुडाशी पिल्लं फुटतात, ती आईची नक्कल. पण कधी कधी नक्कल करणाराही चुकतो. म्हणजे आणखी दोन वर्षं. असू दे म्हटलं. पुढच्या आठवड्यात साताऱ्याला लग्न होतं, आल्यावर पान लावू.

चार दिवसांनी आलो आणि 17 नंबरला बोट लावलं, तर मधला कोंब बोटाबरोबर वर आला. कूज. पानं शिजलेल्या पालकासारखी. वात होती, भांड्यात पाणी बेताचं होतं, कसं झालं कळेना. त्या रात्री हिने न विचारता चहा केला आणि कपात डोकावून न बघता मी तो प्यायलो.

काही वर्षं गेली. एकदा समोरच्या वहिनींकडे पेपर परत द्यायला गेलो, तर त्यांच्या खिडकीत स्टीलच्या वाटीत एक बसकं, गोल, जांभळं झाड. हात आपोआप खिशाकडे गेला. पाच पूर्णांक तीन अष्टमांश.

वहिनी लाल झाल्या. “भाऊजी, रागावू नका हं. तुम्ही साताऱ्याला गेलात तेव्हा किल्ली माझ्याकडे होती ना. इतकं गोड झाड. एकच पान घेतलं. मागितलेलं रोप लागत नाही म्हणतात, चोरून आणलेलं लागतं. पण मग मनाला टोचणी लागली हो, म्हणून निघताना त्याला पेलाभर पाणी घातलं. वरून, चांगलं मुरेपर्यंत.”

मी काही बोललो नाही. ज्या हाताने मारलं त्याच हाताने वाचवलं, अशा केसमध्ये काय बोलणार? फक्त एक पान मागून घेतलं. त्यांनी आनंदाने दिलं. तीन आठवड्यांत ते सडलं.

तपास पुढे नेला. वहिनींच्या कल्याणच्या विहीणबाई मध्यंतरी पहिल्यांदा जेवायला आल्या होत्या, आणि जाताना पर्समध्ये सुपारीबरोबर एक पान होतं. कल्याणला गेलो: साडेपाच इंच बरोबर. त्यांच्याकडून बदलापूरच्या भिशीतल्या मैत्रिणीने हळूच खुडलं होतं, हे मला विहीणबाईंनी कौतुकाने सांगितलं आणि बदलापूरला फोन करून ठेवला: “एक गृहस्थ येतील पट्टी घेऊन. साधे आहेत.”

डोंबिवली पहिली पिढी, कल्याण दुसरी, बदलापूर तिसरी. माझ्या हातून जी चाचणी व्हायला नको ती मध्य रेल्वेच्या बायकांनी परस्पर उरकली होती.

बदलापूरच्या आजींचं घर ऐसपैस, खिडकीचा कट्टा चांगला दीड फूट. त्यावर एका कोपऱ्यात, एवढी जागा असून अंग चोरून, ते झाड बसलेलं. “ही आमची बुटकी,” आजी म्हणाल्या. नावाचा प्रश्नही मिटला होता. मी पट्टी लावली. पाच पूर्णांक पाच अष्टमांश. आडवी लावली, तिरकी लावली. पानं तशीच, फूल तसंच, एकेरी, जांभळं, कुणी दुसऱ्यांदा बघणार नाही असं.

“तुम्हाला एखादं पान हवंय का?” आजींनी विचारलं.

“नको, नको,” मी घाईने म्हणालो. “नुसतं बघायला आलो.”

“मग चहा तरी घ्या,” म्हणून त्या आत गेल्या. आत भांड्याचा आवाज आला, गॅस पेटला. मी एकदा दाराकडे पाहिलं, खालच्या रांगेतलं मधल्या वयाचं पान निवडलं, ब्लेडशिवाय, नखानेच देठ खुडला. चहा घेऊन आजी बाहेर आल्या तेव्हा पट्टी खिशात परत गेली होती आणि तिच्यामागे खिसा थोडा ओला झाला होता.